श्यामलाक्काचा उजवा कान

श्यामलाच्या घरात एक नियम होता. हाक आली की ओ द्यायची. नुसतं ‘हं’ चालत नसे, ‘आले आले’ चालत नसे, मान हलवणं तर मुळीच चालत नसे. पलीकडच्या खोलीत पोचेल अशी खणखणीत ओ हवी. लहानपणी हा नियम तिच्या भावाला, विलासलाही लागू होता. पण तो पडला धाकटा, त्यातून मुलगा. मोठा होता होता त्याची ओ कुठे गळून पडली कुणाला कळलंही नाही. श्यामलाची टिकली. पंचेचाळिशी उलटली, कानामागचे केस पिकले, लग्नाचं बोलणं दोनदा येऊन दोनदा फिसकटलं, पण ओ जशीच्या तशी राहिली.

हाक मारणारे होते तिचे अप्पा, म्हणजे वडील, प्रतापराव. बेंगळुरातल्या चामराजपेटेत, मार्केटच्या अंगाला, एका कापडदुकानाच्या पायरीवर काचेची पेटी लावून त्यांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावून सकाळी बसायचे ते जेवायला हाका मारून उठवावं लागे. आणि मग डोळे गेले. डॉक्टर म्हणाले काचबिंदू. प्रतापरावांनी ते कधी मानलं नाही. मान वर न करता काम केलं त्याची ही शिक्षा आहे, मध्ये मध्ये कुणी उठवलं असतं तर आज दिसत असतं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. उठवायचं काम अर्थात बायकोचं होतं. ती बिचारी केव्हाच गेली होती, त्यामुळे उलट उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

दिसेनासं झाल्यापासून घर त्यांना कानांनीच कळे. वठारातल्या, म्हणजे बैठ्या चाळीतल्या, ओळीतलं हे शेवटचं घर. दोन खोल्या आणि मागे मोरी. त्यात माणूस हरवायला जागा कुठली? तरी प्रतापराव हाक मारत. “श्यामले!” ओ. “काय करतेस?” सांगायचं. “पाणी दे.” द्यायचं. “श्यामले!” ओ. “कुठे गेलीस?” कुठेही गेलेली नसायची.

दिवसा त्यांच्याजवळ भागुबाई बसायची. ती निपाणीकडची, नवऱ्यामागे बेंगळुरात आलेली, तोंडाने फटकळ आणि हाताने मायाळू. श्यामला संध्याकाळी दारात आली की भागुबाई पिशवी उचलता उचलता दिवसाचा हिशेब देई.

“दिसभर तोंडातनं अक्षर काढत न्हाईत बघा आक्का. भिताडागत बसत्यात. तुमची चप्पल वाजली की झालं सुरू.”

हे ऐकून श्यामलाला आनंद व्हायला हवा होता, असं कुणी म्हणेल. आपल्यावर केवढा जीव! तिला आनंद होत नसे. म्हणजे दिवसभर या हाका कुठेतरी साठतात आणि माझ्या डोक्यावर ओतायला ठेवलेल्या असतात, एवढंच तिच्या मनात येई. माणूस दमला की मायेचाही भार वाटतो. श्यामला फार दमलेली होती.

ती बोम्मसंद्र्याला पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका कारखान्यात कारकून होती. कुठली खोकी कुठल्या लॉरीत गेली ते टाइप करायचं, सही घ्यायची, लॉरी सोडायची. काम कठीण नव्हतं. जाणं-येणं जीवघेणं होतं. पहाटे उठून सारू-भात करून ठेवायचा, अप्पांना आंघोळ घालायची, धावत जाऊन कंपनीची बस गाठायची. होसूर रोडवर लॉरी लॉरीला चिकटलेली. बसमध्ये बाकीच्या बायका झोपत. श्यामलाला झोप लागत नसे, कारण डोळा लागला की कुणीतरी हाक मारली असं वाटून ती दचकून ओ देई. एकदा तिने खरोखरच मोठ्याने ओ दिली होती. सगळी बस हसली. तीही हसली, आणि तेव्हापासून तिने झोपायचा नाद सोडला.

अशा या घरात कॉम्प्युटर आला.

विलास बायको पवित्रा आणि मुलगा विराज यांच्यासह जे. पी. नगरला राहायचा. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला, मग जुन्याचं काय करायचं? फेकवत नाही, विकला तर कुणी घेत नाही. अशा वस्तूंसाठी घरात एखादी बहीण असते. एका रविवारी तो ऑटोतून तो डबा घेऊन आला.

“अक्का, तुमच्या ऑफिसात कधीतरी कॉम्प्युटर येणारच. हात बसू दे तुझा. स्वल्प जुना आहे, पण चालतो.”

“आवाज येतो का याला?” श्यामलाने विचारलं. तिला उगाच वाटलं होतं, की आवाज येत असेल तर बरं.

“नाही ग. आवाजाचं कार्ड आणि स्पीकर विराजने नव्याला लावून घेतले. तुला काय करायचाय आवाज? टायपिंगच करायचंय ना!”

“सरी, ठेव,” श्यामला म्हणाली. विलासशी वाद घालायचा तिला कंटाळा यायचा. वाद घालायला लागणारी ताकद दुसऱ्या कुठल्यातरी कामाला येईल, असं तिचं गणित होतं.

तिने मन लावून चार दिवस टायपिंगचा सराव केला. पाचव्या दिवशी चुकून पुढचं एक बटण दाबलं गेलं आणि डब्याने खण बाहेर काढला. खणात सीडी होती. विलास काढायला विसरला होता. सीडीवर कुठल्याशा औषधकंपनीचं नाव आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. आत काय आहे, कुणी गायलंय, कुणी वाजवलंय, एक अक्षर नाही. विलास औषधं विकायच्या धंद्यात, त्याला असल्या भेटी ढिगाने येत. श्यामलाने खण परत आत ढकलला. आत काहीतरी गरगरलं, पडद्यावर आकडे पुढे सरकायला लागले, म्हणजे सीडी वाजत होती. आवाज मात्र नाही. स्पीकर नसलेल्या घरात बिचारी मुकाट्याने वाजत होती.

श्यामला बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली. मग तिला खणाच्या खाली एक बारीक भोक दिसलं आणि भोकाशेजारी एक छोटं चाक. हे भोक तिने पाहिलेलं होतं. वॉकमनला असतं. तिचा वॉकमन केव्हाच मेला होता, पण त्याचा इअरफोन, कानात खुपसायची दोन काळी बोंडं आणि त्यांची वायर, टाकून द्यायचा जीव न झाल्यामुळे कपाटात पडून होता. तिने तो आणून भोकात घातला, चाक फिरवलं आणि एक बोंड कानात धरलं.

वीणा वाजत होती.

आता श्यामलाला गाण्यातलं काही कळत नव्हतं, हे सांगितलेलं बरं. राग कुठला, ताल कुठला, तिच्या गावी नव्हतं. पण त्या वीणेने तिला धरून ठेवलं. वाजवणारा थोडंसं वाजवायचा आणि थांबायचा. चांगला लांब थांबायचा. मागे कुठेतरी मृदंग हळू चालू असे. मग पुन्हा वाजवायचा, जिथे सोडलं तिथूनच, आणि पुन्हा थांबायचा. श्यामलाने मनाशी ठरवून टाकलं की हा माणूस म्हातारा आहे आणि दमलेला आहे. चार सूर छेडतो, श्वास घेतो, पाण्याचा घोट घेत असेल, खांदा चोळत असेल, मग पुन्हा हात घालतो. कुणी त्याला घाई करत नव्हतं. तो थांबला की श्यामलाही थांबे. दिवसभरात तेवढाच तिचा श्वास पुरा होई.

बोंड ती एकाच कानात घाले, डाव्या. कारण साधं होतं. टेबल असं होतं, की अप्पांच्या खोलीचं दार तिच्या उजव्या हाताला येई. उजवा कान अप्पांचा. तो बुजवून कसं चालेल? उजवं बोंड गळ्यात लोंबत राही आणि डासासारखं गुणगुणे. त्याच्याकडे तिने कधी लक्ष दिलं नाही.

“श्यामले!”

“ओ!”

“काय करतेस?”

“ऑफिसचं काम, अप्पा.”

हे तिच्या तोंडून पहिल्याच दिवशी गेलं आणि मग तेच कायम झालं. खोटं का बोलली, तर लाज वाटली. या घरात नुसतं बसून कधी कुणी काही ऐकलं नव्हतं. आईला भाजी निवडता निवडता रेडिओ चाले. रेडिओसाठी बसलेली कुणी पाहिली नाही. पंचेचाळिशी उलटलेली बाई, घरात आंधळा बाप, आणि ही कानात वायर घालून वीणा ऐकते! ऑफिसचं काम म्हटलं की कसं सगळं शोभून दिसतं.

पण झालं उलटंच. ऑफिसचं काम आहे कळल्यावर हाका कमी व्हाव्यात, तर त्या वाढल्या. पूर्वी तासात चार येत असतील, आता दहा यायला लागल्या. पाणी दे. खिडकी लाव. खिडकी उघड. दाराची कडी बघ. किती वाजले? घड्याळात जन्म घालवलेल्या माणसाला किती वाजले ते घटकेघटकेला सांगायचं! आणि बसल्या जागेवरून सांगून भागायचं नाही, “इकडे ये, नीट ऐकू येत नाही,” म्हणून उठवायचे. ज्यांना वठाराच्या दुसऱ्या टोकाची कुजबुज ऐकू येते त्यांना!

त्यात त्या डब्याची तऱ्हा अशी, की वाजवायचं बटण एकच. पुन्हा दाबलं की गडी पुढच्या तुकड्यावर जाई. मागे येणं त्याला ठाऊक नव्हतं. सोय असलीच तर ती पडद्यावर कुठेतरी असणार, आणि ती श्यामलाला कुणी दाखवली नव्हती. ती उठून जाई, सीडी तिच्याशिवाय पुढे वाजत राही, आणि परत येईपर्यंत वीणेवाला कुठल्या कुठे पोचलेला असे. मग खण उघडून, बंद करून, पहिल्यापासून. त्यामुळे पहिला तुकडा तिला पाठ झाला होता. दुसराही बराचसा. शेवटी काय आहे ते मात्र तिने कधी ऐकलं नाही. बटण दाबत दाबत थेट शेवटाला जाता आलं असतं. पण तसं तिला नको होतं. आधी ताकभात कालवायचा आणि मग वरण मागायचं, हे जेवण झालं का?

तर श्यामलाला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. नवरा, घर, बढती, ते सगळं मागायचे दिवस गेले होते. तिला ती सीडी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची होती, मध्ये न उठता. बस्स. एवढ्यासाठी देवाला साकडं घालायचं म्हणजे देवालाच संकोच व्हायचा.

एका संध्याकाळी ती तिसऱ्यांदा उठली, अप्पांची खिडकी तिसऱ्यांदा लावली, परत येताना टेबलाच्या कोपऱ्याने तिची मांडी सडकून लागली आणि ती तिथेच खाली बसून रडायला लागली. आवाज न करता, कारण आवाज केला असता तर हाक आली असती. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून तिने विलासला फोन केला.

“विलास, अप्पांना महिनाभर ने.”

“अक्का, अगं, विराजच्या परीक्षा…”

“ने,” श्यामला म्हणाली. तिचा आवाज कसा होता कोण जाणे, पण विलास शनिवारी गाडी घेऊन आला.

गाडीत बसल्यावर अप्पांनी एकदाच “श्यामले!” म्हटलं. तिने ओ दिली. “काही नाही,” ते म्हणाले.

पहिले काही दिवस श्यामलाने काहीच केलं नाही. कामावरून यायची, चपला काढायची, आणि साडीही न बदलता झोपायची. भागुबाई एकदा डोकावून गेली, तर ही दिवा न लावता पडलेली. “जीव हाय का न्हाई बघाय आले,” भागुबाई म्हणाली आणि भाकरी ठेवून गेली. इतकी झोप अंगात साचलेली असते हे श्यामलाला माहीत नव्हतं.

मग शुक्रवारी तिने आंघोळ केली, चहा केला, दाराला कडी लावली आणि खुर्ची ओढून बसली. सीडी सुरू केली. सवयीने डावं बोंड डाव्या कानात घातलं. वीणा सुरू झाली, थांबली. उजव्या हाताचं दार उघडंच होतं, आत कुणी नव्हतं. उजवं बोंड गळ्यात गुणगुणत होतं. आज या कानाला काही काम नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते उचलून उजव्या कानात घातलं.

व्हायोलिन.

श्यामला चपापली. वीणा थांबली होती, आणि जिथे थांबली होती तिथे व्हायोलिन वाजत होतं. वीणेने जे म्हटलं होतं तेच थोडं फिरवून, थोडं खेळवून ते परत करत होतं. ते थांबलं, तर वीणा. वीणा थांबली, तर ते. दोघं समोरासमोर बसून बोलत होते. एकाचं ऐकायचं म्हणून दुसरा थांबत होता. पाण्याचा घोट नाही, खांदा चोळणं नाही, दमणं तर नाहीच नाही.

तिने डावं बोंड काढून पाहिलं. व्हायोलिन एकटं. उजवं काढून पाहिलं. वीणा एकटी, तीच, रोजची. पुन्हा दोन्ही घातली.

सुंदर होतं ते, याबद्दल शंकाच नाही. एवढ्या दिवसांनी पुरं ऐकू आल्यावर कुणीही हरखून गेलं असतं. श्यामलाला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आपल्यासारखाच एक दमलेला, एकटा माणूस कुठेतरी आहे आणि तो रोज संध्याकाळी आपल्याजवळ येऊन बसतो, अशी तिने मनाची समजूत घातली होती. तो एकटा कधीच नव्हता. त्याच्या प्रत्येक बोलण्याला कुणीतरी उत्तर देत होतं. एकटी काय ती श्यामलाच, आणि तीही एकच कान लावून बसलेली.

तरी ती उठली नाही. डोळे पुसत ऐकत राहिली. पहिला तुकडा गेला, दुसरा गेला, तिसरा सुरू झाला. दोन्ही कान भरलेले होते, म्हणून बाहेरचं काहीच आत येत नव्हतं. दाराची कडी हलताना दिसली तेव्हा कुठे तिने बोंडं उपसली. बाहेर अख्खं वठार गोळा झालं होतं. विलास दार बडवत होता आणि अप्पा हाका मारत होते.

दार उघडल्यावर विलास ओरडलाच. “किती वेळ अक्का! घाबरलो ना आम्ही! काय झालं तुला?”

“झोपले होते,” श्यामला म्हणाली. दुसरं खोटं.

विलासने अप्पांची पिशवी आत ठेवली. तोही ओढलेला दिसत होता. खोटं कशाला बोला. “अक्का, मी तरी काय करू सांग. रात्रंदिवस तुलाच हाक मारतात. पवित्राने ओ दिली की म्हणतात, तू कशाला, श्यामला कुठाय? मी दिली तरी तेच. जेवत नाहीत. तुझ्याशिवाय नाही व्हायचं ग त्यांचं.”

हे वाक्य कौतुकाचं आहे असं विलासला मनापासून वाटत होतं. बहिणीला घराशी बांधून टाकायला असलीच वाक्यं लागतात. श्यामलाने अप्पांचा हात धरून त्यांना खाटेवर बसवलं. शेजारणी पांगल्या. महिना आठवड्यातच आटोपला.

त्यानंतर तिने कॉम्प्युटरला हात लावला नाही. दोन्ही कानांनी ऐकायला घरात माणूस नको, आणि एका कानाने ऐकायची आता चव गेली होती. आपण अर्धंच ऐकतोय हे कळल्यावर अर्धं गोड कसं लागेल? संध्याकाळी ती नुसती खुर्चीत बसून राही. हाकांना ओ देई, पण ती ओ आता भिंतीपर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

असेच काही आठवडे गेले. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अप्पांनी हाक मारली. “श्यामले!”

“ओ.”

“ऑफिसचं काम संपलं वाटतं तुझं?”

“का?”

“ते यंत्र गरगरायचं, ते हल्ली ऐकू येत नाही. बरं झालं. मी सुटलो.”

“तुम्ही सुटलात?” श्यामलाला हसावं की रडावं कळेना. ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. “तुम्हाला काय त्रास होता त्याचा?”

“त्रास? दिवसभर ऑफिस आणि घरी येऊन पुन्हा त्या काचेत डोळे घालून बसायचं! मी आंधळा असलो तरी मला कळतं ते. एकदा बसलं की उठवत नाही माणसाला. मला कोण उठवत होतं? माझे गेले ते गेले. तुझे कशाला घालवायचे? म्हणून पाणी मागायचो, खिडकी सांगायचो. किती पाणी प्यालो मी, पोट फुटायची वेळ आली होती.”

श्यामला दाराच्या चौकटीला टेकली. ती तिसऱ्यांदा लावलेली खिडकी, ते किती वाजले, ती मांडीला लागलेली टेबलाची कड. बापाने तिचे डोळे वाचवण्यासाठी तिला संध्याकाळभर पळवलं होतं. आणि पहिला दिवस सोडला तर वीणा ऐकताना तिने कॉम्प्युटरचा पडदा कधी सुरूही केला नव्हता. अंधारात बसून डोळे मिटूनच ऐकायची ती. तिला राग आला, तो अप्पांचा की स्वतःचा तिलाच सांगता आलं नसतं. आणि त्या रागातच ती एकदम बोलून गेली.

“ऑफिसचं नव्हतं, अप्पा. मी गाणं ऐकत होते.”

“गाणं? मला तर कधी ऐकू आलं नाही.”

“कानात घालून ऐकायचं असतं ते.”

अप्पांनी कान तिच्या दिशेला वळवला. मग कुरकुरले, “मग सांगायचं ना! गाण्याला कशाला कुणी उठवेल? मला काय जनावर समजलीस?”

श्यामलाने त्यांना उठवलं, धरून बाहेर आणलं आणि टेबलाजवळ खुर्चीत बसवलं. स्वतःसाठी स्टूल ओढलं. वायर आखूड होती. दोघांना डोक्याला डोकं लावून बसावं लागलं. अप्पांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. उजवं बोंड तिने त्यांच्या कानात घातलं, डावं आपल्या. बटण दाबलं.

वीणा सुरू झाली, नेहमीसारखी. मग थांबली. तिच्या कानात शांतता, मागे मृदंग, आणि शेजारी अप्पांची मान हळूहळू डोलायला लागलेली. मग ती मान थबकली आणि तिच्या कानात वीणा आली.

“काय ग,” अप्पा म्हणाले, “छान वाजवतो, पण मध्येच थांबतो का असा? दमलाय का?”

श्यामलाने त्यांच्या कानातलं बोंड नीट बसवलं.

“थांबत नाही, अप्पा. तेव्हा माझ्याकडे वाजत असतं.”

अप्पांनी हे नीट ऐकून घेतलं. मग व्हायोलिन पुन्हा थांबलं असावं, कारण त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “आता तुझ्याकडे?”

“ओ,” श्यामला म्हणाली.

पुढच्या वेळी पुन्हा. “आता तुझ्याकडे?” “ओ.” दुसरा तुकडा झाला, तिसरा झाला, तिने कधीच न ऐकलेला चौथाही सुरू झाला. म्हातारा एक जागा सोडेना. दर वेळी व्हायोलिन थांबलं की विचारल्याशिवाय त्यांना राहवेना आणि दर वेळी तिला ओ द्यावीच लागली. निम्मी वीणा त्या ओ देण्यातच गेली. शेवटच्या तुकड्याचे शेवटचे सूर वाजत होते, तेव्हाही ती “ओ, माझ्याकडे” असंच म्हणत होती. पण सीडी शेवटपर्यंत वाजली, आणि श्यामलाला एकदाही उठावं लागलं नाही.